छतावरचा कॅरिअर आवळूनही पुन्हा ढिला होतोय? नट सोडा, त्याखाली काय खचतंय ते बघा

आधी लक्षणं. यातली दोन जरी जुळली तरी पुढचं वाचा.

गतिरोधकावरून गाडी उतरली की डोक्यावर ‘टक’ असा एकच आवाज येतो. सुरुवातीला एका कोपऱ्यातून, नंतर दोन कोपऱ्यांतून. साठ-सत्तरच्या वेगाला छतावर काहीतरी घुमायला लागतं आणि काच थोडी खाली केली की त्याचा सूर बदलतो. क्लॅम्पच्या, म्हणजे कॅरिअरचा पाय गाडीला पकडून ठेवणाऱ्या पट्टीच्या, खालून पांढऱ्या रंगावर चहाच्या रंगाचे ओघळ उतरतात. पावसात मधल्या खांबाजवळ छताचं कापड दमट लागतं, सीटबेल्ट ओढला की वरचा भाग ओलसर येतो, सकाळी गाडीत कुबट वास असतो. मागचं दार पूर्वीपेक्षा जोरात ओढावं लागतं; याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, पण मी सगळ्यात आधी हेच विचारतो. आणि या सगळ्यांत समान गोष्ट एकच: पान्याने आवळलं की आठवडाभर सगळं ठीक, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडच्या भजनी मंडळांच्या, हौशी नाटकवाल्यांच्या आणि नात्यागोत्यातल्या जुन्या एसयूव्हींवर काढता-घालता येणारे कॅरिअर बसवायचं काम मी सुट्टीच्या दिवशी करतो. खरं सांगायचं तर बसवण्यापेक्षा बसवलेले नीट करण्यातच जास्त वेळ जातो. आणि दर वेळी तेच दिसतं. नट सुटलेला नसतो. नटाखालचं काहीतरी बसलेलं असतं. कधी रबर, कधी रंगाचा थर, कधी गंजाचा पापुद्रा, कधी खुद्द पत्रा. अशा वेळी पाना फिरवला की तीच खचणारी वस्तू आणखी खचते. म्हणून आवळण्याआधी तपासा, आणि तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करा.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली: कॅरिअर रिकामा करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने एक फेरी मारा. आवाज गेला तर दोष बांधण्यात आहे. तसाच राहिला तर कॅरिअर उतरवून पुन्हा फेरी मारा. हे वेडेपणाचं वाटेल, पण कॅरिअरच्या नावावर खपणारे किती तरी आवाज गाडीचेच निघतात: विंडस्क्रीनच्या रबराचं सुटलेलं टोक, ढिली अँटेना, दाराचं कडक झालेलं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी. जुन्या गाडीत हे सगळं असायचंच. ते न बघता कॅरिअरवर खर्च करणाऱ्यांना मी थांबवतो.

सामान असतानाच भणभण होत असेल तर पट्टे बघा. सपाट पट्टा वाऱ्यात ताणून बांधला की तो थरथरतो आणि ती थरथर पत्र्यातून आत येते. बांधताना पट्ट्याला एक-दोन पीळ द्या. एवढ्यानेच बऱ्याच गाड्या गप्प होतात.

दुसरी तपासणी वजनाची. गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं. अनेक गाड्यांत ते ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतं. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, हे लोक विसरतात. फॅब्रिकेटरने बनवलेला पूर्ण लांबीचा लोखंडी कॅरिअर सहज वीस-पंचवीस किलो भरतो. मर्यादा ७५ असेल तर तुमच्या हातात पन्नासच उरले. आता चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावरचा हिशेब करा: सोललेला नारळ अर्धा ते पाऊण किलोचा, म्हणजे शंभर नारळांचं एकच पोतं पन्नाशी ओलांडतं. त्यावर केळीचा घड आणि माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान चढवलं की कॅरिअरला दोष देण्यात अर्थ नाही. नारळ गाडीत ठेवा. छतावर हलकं आणि मोठं सामान जाऊ द्या.

हलकं सामानही वाऱ्याला हलकं नसतं. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला साधारण तीस किलो भरतो. साठवरून ऐंशीला गेलात की हवेचा जोर पावणेदोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. नाटकाचे पडदे, गादी, प्लायवूड अशा आडव्या गोष्टींच्या पुढच्या कडेखाली हवा शिरली की त्या नुसत्या मागे ढकलल्या जात नाहीत, वर उचलल्या जातात. त्यामुळे पुढचे दोन पाय दर मिनिटाला हिसके खातात. सामानाची पुढची कड खाली दाबून बांधा, फक्त आडवे पट्टे नकोत.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिला लागतो एक पांढरा पेंट मार्कर, किंवा घरात असेल तर नेलपॉलिश. चारही पायांवरच्या प्रत्येक नटावरून क्लॅम्पच्या पट्टीवर उतरणारी एक सरळ रेघ ओढा. मग नेहमीसारखी गाडी चालवा, पन्नासेक किलोमीटर, त्यात थोडा घाट किंवा खराब रस्ता असेल तर उत्तम. परत आल्यावर रेघा बघा आणि प्रत्येक पाय हाताने हलवा.

रेघ तुटली असेल, म्हणजे नटावरचा भाग पट्टीवरच्या भागापासून सरकला असेल, तर नट खरोखरच फिरला आहे. उपाय स्वस्त आहे: नवा नायलॉक नट. जुना नायलॉक एकदा काढला की त्यातली नायलॉनची कडी सैल होते, म्हणून तोच पुन्हा पुन्हा लावू नका. रेघ शाबूत आहे आणि तरी पाय हलतोय, तर नट निर्दोष आहे. काहीतरी त्याखाली खचलंय. इथून पुढे पाना बाजूला ठेवा.

एका भजनी मंडळाची गाडी अशीच आली होती. छतावर ताडपत्री, घडीच्या खुर्च्या आणि साऊंडचे स्टँड, पेटी-पखवाज आत. चालवणारे काका म्हणाले, “अहो, दर रविवारी मीच टाईट करतो, ढिला राहणारच नाही.” रेघा ओढून दिल्या, ते मडगावला जाऊन आले. चारही रेघा जशाच्या तशा, पण मागचा डावा पाय बोटांनी हलत होता. क्लॅम्प सोडला तर खाली सायकलच्या ट्यूबची दुहेरी घडी. मधोमध ती कागदासारखी पातळ आणि चकचकीत झालेली, दोन्ही बाजूंना फुगून बाहेर आलेली. तिच्याखाली तांबड्या मातीचा ओला लगदा, आणि लगद्याखाली रंग जाऊन नारिंगी पडलेला पत्रा. काकांनी इमानेइतबारे दर रविवारी जे आवळलं होतं ते नेमकं हे होतं.

क्लॅम्प सोडून बघायच्या गोष्टी

जुन्या एसयूव्हीत कॅरिअर धरायच्या जागा तीन प्रकारच्या. बोलेरो, सुमो, जिप्सीसारख्या गाड्यांना छताच्या कडेला पन्हळ असते, गॅरेजात तिला गटर म्हणतात. क्लॅम्प तिला धरतो. काही गाड्यांना छतावर लांबीने रेल असतात. आणि दोन्ही नसेल तिथे दाराच्या चौकटीत अडकणारे हूक. तिसरा प्रकार मला आवडत नाही. हूक दाराच्या बीडिंगवर बसतो, बीडिंग कायमचं दबतं, दार जड लागतं आणि आपल्याकडच्या पावसात पाणी तिथूनच वाट काढतं. मागचं दार जोरात ओढावं लागतं का, हे मी त्यासाठीच विचारतो. गटरवाल्या गाडीत दार घासत असेल तर त्याचा अर्थ जास्त वाईट: अतिआवळल्याने गटर खाली वाकली आहे.

रेल असलेल्यांनी एक गोष्ट पडताळावी. काही रेल निव्वळ शोभेच्या असतात. मॅन्युअलमध्ये त्यांच्यावर किती वजन चालेल ते दिलेलं नसेल, तर शोभेच्याच समजा आणि त्यांना कॅरिअर अडकवू नका.

आता रबर. ट्यूबचं रबर मऊ असतं, सतत दाबाखाली राहिलं की बाजूला सरकत जातं. मेमधल्या उन्हात छताचा पत्रा हाताला चटका देण्याइतका तापतो तेव्हा तर ते आणखी लवकर. दाब गेला, क्लॅम्प सैल. त्याऐवजी आत कापडाचे थर असलेलं रबर वापरा. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा उत्तम, आपल्या खाणपट्ट्यातल्या भंगारवाल्यांकडे विचारून बघा. नाही मिळाला तर हार्डवेअरच्या दुकानातली कापडी थराची रबर शीट. दोन-तीन मिलिमीटर जाडी पुरे. जाड पॅड म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही; जाड पॅड जास्त खचतो.

पॅड घालण्याआधी गटर साफ हवी. पातेरा, आंब्याचा मोहोर, तांबडी माती यांचा गटरीत साचलेला थर पाणी धरून ठेवतो, आणि किनाऱ्याजवळ गाडी उभी असेल तर त्यात मीठही असतं. क्लॅम्पखाली हीच माती पॉलिश पेपरचं काम करते. जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, मग गोडं पाणी, मग पूर्ण वाळू द्या. गटरीतून पाणी उतरायच्या वाटा मोकळ्या आहेत का तेही बघा. क्लॅम्प बरोबर त्या वाटेवर बसवला असेल तर चार बोटं सरकवा.

साफ केल्यावर स्क्रूड्रायव्हर घ्या आणि क्लॅम्पच्या जागी पत्रा टोचून बघा. हलक्या हाताने नाही, नीट जोर देऊन. टणक लागला, फक्त वरवर तांबूसपणा असेल, तर तो घासून काढा, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, टचअप. रंग पूर्ण वाळेपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, क्लॅम्प लावू नका. ओल्या रंगावर क्लॅम्प बसवला की रंगच खचतो आणि पहिल्या पायरीवर परत. टोक आत घुसलं किंवा पापुद्रे सुटून आले, तर इथेच थांबा. पुढचं काम तुमचं नाही. त्याबद्दल शेवटी सांगतो.

पाय बसवायची जागाही महत्त्वाची. गटर सगळीकडे सारखी मजबूत नसते. जिथे खाली दाराचे खांब येऊन मिळतात तिथे ती जास्त भार सोसते. कॅरिअरचे पाय शक्य तेवढे खांबांजवळ आणा. मग टेपने दोन्ही कर्ण मोजा: पुढचा डावा ते मागचा उजवा, आणि उलट. दोन्ही सारखे हवेत. फरक असेल तर कॅरिअर तिरका बसलाय, एक पाय कायम ओढला जातोय आणि तोच आधी ढिला होणार. बऱ्याच जणांचा ‘नेहमी तोच कोपरा’ याच कारणाने असतो.

आवळताना चारही पाय आळीपाळीने, थोडे-थोडे, तिरक्या क्रमाने. क्लॅम्पचे बोल्ट बहुतेक ८ मिलिमीटरचे असतात, त्यांना १३ नंबरचा पाना लागतो. पाना आखूड घ्या आणि त्यावर पाइप घालून जोर लावू नका. कॅरिअर धरून हलवला तर गाडीची बॉडी हलली पाहिजे, पाय नाही. एवढं झालं की बास. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा तपासा. नवं रबर थोडं बसतं, एकदा पुन्हा आवळणं रास्त आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लागत असेल तर वरची मार्करची रेघ पुन्हा ओढा.

बोल्टबद्दल थोडं. समुद्राची हवा म्हणून लोक सगळीकडे स्टेनलेस लावतात. लोखंडी कॅरिअरवर ठीक आहे. पण ॲल्युमिनियमच्या बारमध्ये स्टेनलेसचा बोल्ट आणि मधे खारट ओल, असं जमलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी बाहेर येते. भोक मोठं होतं, बोल्ट खेळायला लागतो. मधे नायलॉनचा वॉशर आणि थोडं ग्रीस द्या. स्टेनलेसच्या आट्या कोरड्या आवळल्या तर जागच्या जागी चिकटतात, मग कापूनच काढाव्या लागतात, तिथेही ग्रीस.

घुमणं आणि शीळ

कॅरिअर घट्ट आहे, तरीही घुमतो. याचा ढिलेपणाशी संबंध नसतो. गोल पाइपवरून हवा गेली की मागे आलटून-पालटून भोवरे सुटतात. २५ मिलिमीटरचा पाइप आणि ताशी ८० चा वेग धरला तर ते सेकंदाला पावणेदोनशेच्या आसपास सुटतात. तोच खालच्या पट्टीतला घोंगावणारा सूर. पुढच्या आडव्या पाइपवर नायलॉनची बारीक दोरी वेटोळी गुंडाळा, दोन वेढ्यांत चार-पाच बोटांचं अंतर ठेवून. भोवरे एकाच ठेक्यात सुटत नाहीत आणि सूर मोडतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर वरच्या टोकाला जी नागमोडी पट्टी दिसते ती याच कामाची. काथ्याची दोरी नको, ती पाणी धरते आणि खाली पाइप गंजतो.

बारीक, उंच शीळ येत असेल तर पाइपची उघडी टोकं आणि न वापरलेली भोकं बुजवा. प्लास्टिकच्या टोप्या मिळतात. खाली पाणी निघायला मात्र एक बारीक भोक ठेवा, नाहीतर पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. जुवारी किंवा मांडवीच्या पुलावर आडवा वारा लागल्यावरच शीळ येत असेल तर ती जवळपास नेहमी या टोकांची असते.

पाणी आत येतंय

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून हे टाळून चालत नाही. कापड ओलं दिसलं की कॅरिअरवर खापर फुटतं. तपासा. कॅरिअर उतरवा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून वर न्यायचं: आधी दाराचं बीडिंग, मग विंडस्क्रीनची कड, मग गटर, मग अँटेनाचं रबर. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही, कारण पाणी एका जागी शिरतं आणि छताच्या कापडावरून वाहत भलत्याच जागी टपकतं.

गटरीच्या तळाशी जिथे छताचा आणि बाजूचा पत्रा जोडलेला असतो तिथल्या सीलंटला भेगा असतील तर ती भेग स्वच्छ करून ऑटोमोबाईलचं पॉलियुरेथेन सीम सीलंट भरा. बाथरूमला वापरतात तो शिर्क्यासारखा वास येणारा सिलिकॉन भरू नका. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंज धरवतं आणि नंतर त्यावर रंग बसत नाही.

पावसाळ्यात कॅरिअर उतरवून ठेवणं सगळ्यात स्वस्त. मेअखेरीस काढायचा, चवथीला लागला तर चार दिवस चढवायचा. काढता येणारा घेतलाय तर काढायला हवा. डिझेलही वाचतं.

कुठे थांबायचं

पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला गेला. गटर वाकून दार घासतंय. छताला क्लॅम्पजवळ पोचा आलाय. रेलचा बोल्ट आवळला तर नुसता फिरतोय, म्हणजे आतला नट सुटलाय. कॅरिअरच्या वेल्डिंगजवळ केसासारखी भेग दिसतेय. यातलं काहीही असेल तर त्या क्षणी कॅरिअर उतरवा. ‘एवढी एक जत्रा होऊ दे’ नको. अचानक ब्रेक दाबला की पन्नास किलोचं सामान तीस-चाळीस किलोच्या जोराने पुढे जाऊ बघतं, आणि चोर्ला घाटाच्या वळणावर ते सुटलं तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय?

छताला भोक पाडून कायमचे बोल्ट मारून देतो असं कोणी सांगितलं तर नको म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते. तेव्हा क्लॅम्पचा कॅरिअर घरी ठेवून जाता येतं, छताची भोकं घरी ठेवता येत नाहीत. आणि बांबू किंवा शिडी गाडीच्या पुढे-मागे-बाजूला बाहेर काढून नेणाऱ्यांसाठी: कलम १९४ मधला दंड २०,००० रुपये आहे.

गटरीचं काम टिंकरिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडे, न्या. कॅरिअर बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे नको. तो जाड लोखंडावर हात बसलेला माणूस असतो, छताच्या पातळ पत्र्याला भोकं पाडून ठेवेल. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला आणि त्या भागातलं छताचं कापड उतरवायला सांगा, नाहीतर ते पेट घेतं. सडलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडायचा, वरून पुट्टी थापायची नाही, हे आधीच बोलून घ्या. क्लॅम्प पुट्टीवर बसला तर पुट्टी फुटणारच. काम झालं, सीलंट वाळलं, की कापड परत बसवण्याआधी तुमच्यासमोर गटरीत बादलीभर पाणी ओतायला लावा, आणि आत बसून स्वतः बघा.